चौदावी सही

“घराचं तोंड कुठं?”

“पूर्वेला.”

“खोल्या किती?”

“दोन. बाहेरची आणि आतली.”

“माल कुठं सापडला?”

“आतल्या खोलीत, लाकडी कपाटाच्या मागं.”

“शाब्बास. अगदी एवढंच बोलायचं,” शिरतोडे हवालदार म्हणाले आणि त्यांनी पानाची पुडी माझ्यापुढं धरली. मी पान घेतलं नाही. साहेबांपुढं उभं राहायचं, तोंडात पान कसं चालेल?

तालुक्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात आम्ही बाकावर बसलो होतो. अठरा वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा माझं वय छत्तीस. बसस्टँडच्या रस्त्यावर, पोलीस चौकीच्या बरोबर समोर माझं केशकर्तनालय होतं, अजूनही तिथंच आहे. चौकीतले सगळे माझ्याकडेच केस कापायचे, आणि चौकीला कधी पंच लागला तर समोरून हाक यायची, “ओ भानुदासराव, जरा या की.”

पंच म्हणजे काय ते सांगतो. पोलिसांनी कुणाच्या घराची झडती घेतली, तिथं काही सापडलं, तर ते खरंच सापडलं हे बघायला गावातली दोन भली माणसं सोबत लागतात. काय बघितलं ते कागदावर लिहितात आणि खाली त्या दोघांच्या सह्या. हा झाला पंचनामा. असा कायदा. आणि आमच्याकडची पद्धत अशी, की झडती व्हायची सकाळी, कागद लिहून व्हायचा दुपारी, आणि भला माणूस संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या गालाला साबण तसाच ठेवून रस्ता ओलांडून जायचा, सही ठोकायचा आणि परत यायचा. साबण वाळायच्या आत मी परत खुर्चीपाशी असायचो.

वाईट वाटायचं का? छे हो. उलट छाती फुगायची. सरकारला माझी सही लागते! आमच्या मंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, एकदोनदा विचारलं की तुम्ही सही करता ते वाचता तरी का? मी तिला म्हटलं, तुला यातलं काय कळतंय, ही नुसती फॉर्मॅलिटी असते. इंग्रजी शब्द टाकला की ती गप्प बसते असा माझा समज होता. ती गप्प बसायची, पण कळलं म्हणून नव्हे.

आणि गंमत बघा, दुकानात मी काय बोलायचो? दिवसभर दुनियेचा निवाडा. माझ्याकडं दोन पेपर यायचे. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की ते तरी बोलायचं, नाहीतर मी. पुढारी कसे विकले गेलेत, साहेब लोक कसे खुर्च्या उबवतात, गरिबाला या देशात न्याय कसा म्हणून मिळत नाही. हातात कात्री असली की माझ्या अंगात फार न्याय संचारायचा. एकदा तर एका मास्तरांचे कल्ले बोलण्याच्या नादात वरखाली झाले, तरी मी न्यायावरच बोलत होतो.

तर त्या दिवशी कोर्टात आलो होतो तो साक्षीला. समन्स आलं होतं, ते मी खिशात घातलं होतं. वाचलं नव्हतं. तारीख आणि वेळ हवालदारांनी तोंडी सांगितली होती, मग वाचायचं कशाला?

या आधी दोनदा मी साक्ष दिली होती, दोन्ही वेळा अशीच उजळणी करून. आणि व्हरांड्यात उत्तरं देता देता माझ्या लक्षात आलं की हे घर मला पाठ आहे. पूर्वेला तोंड, दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, लाकडी दार, आत कपाट. मागच्या साक्षीतही हेच घर होतं. त्याच्या मागच्या साक्षीतही हेच. तेव्हा माल सायकली होत्या, एवढाच फरक.

मी हवालदारांना विचारलं, हे घर मागच्या वेळचंच का? तर ते हसले. म्हणाले, लिहायची एक पद्धत असते, भानुदासराव. जुना पंचनामा समोर ठेवायचा आणि नाव, तारीख, माल बदलायचा. दरवेळी नवीन कोण लिहीत बसणार? चौकीत माणसं किती, कामं किती, बंदोबस्त किती. आणि ते खोटं नव्हतं, माणूस तसा वाईट नव्हता. दमलेला होता. मंगल कार्यालयातली भांडी चोरीला गेली होती, कार्यालय नगरसेवकाच्या मेव्हण्याचं, वरून रोज फोन. भांडी दगडाच्या खाणीपाशी झुडपात सापडली आणि मग तिथं राहणारा माणूस उचलला गेला.

“चोर तोच आहे, आमची खात्री आहे,” हवालदार म्हणाले. “फक्त कागद नीट पाहिजे. दुसरा पंच चहावाला होता, तो गाव सोडून गेला. आता सगळी केस तुमच्या एकट्यावर आहे.”

मी म्हटलं, काळजी करू नका.

“आरोपीचं नाव विचारलं तर सांगता येईल ना?”

“काय नाव?”

“अंकुश मारुती विटकर.”

हवालदारांनी दोनदा विचारलं, काय झालं म्हणून. मी म्हटलं, काही नाही, ऊन लागतंय.

अंकुश विटकर गावातून हिंडायचा. पाटा, वरवंटा, उखळ घडवायचा आणि जुन्या पाट्यांना टाकी लावून द्यायचा. ‘टाकीऽऽ लावायची का’ अशी त्याची हाक आमच्या गल्लीत महिन्यातून एकदा यायची. बरेच दिवस ती आली नव्हती आणि मी धरून चाललो होतो की ही माणसं कामाच्या मागं दुसरीकडं गेली असतील. वर्षभर तो तुरुंगात होता. जामीन राहायला कुणी नव्हतं. हे सगळं मला त्या बाकावर कळलं.

आणि मी त्याच्या घरी गेलेलो होतो.

पंच म्हणून नव्हे. त्याच्या मुलीच्या जावळाला. पोरीचे पहिले केस काढायला त्याला न्हावी पाहिजे होता आणि गावातल्या दोघांनी खाणीपर्यंत यायला नाही म्हटलं होतं. सोमवारी माझं दुकान बंद असतं, मी गेलो. खाणीच्या कडेला त्याचं पाल होतं. बांबूच्या कमानी, वर जुनी ताडपत्री आणि पोती. दार नावाची वस्तू नव्हती, पोतं बाजूला करून आत जायचं आणि जाताना मलासुद्धा वाकावं लागलं, मी काही उंच नाही. आत सगळं मिळून माझ्या दुकानाच्या निम्मी जागा. त्याच्या बायकोनं, शेवंतानं, मला बसायला घोंगडी टाकली तर तिला स्वतःला उभं राहायला जागा उरली नाही, ती बाहेर उभी राहिली. पोरगी मामाच्या मांडीवर बसली, रडली नाही. नंतर त्यांनी मला गोडाचं जेवायला घातलं आणि निघताना अंकुशनं एक खलबत्ता दिला, स्वतः घडवलेला. मंदा आजही त्यातच लसूण कुटते.

त्या पालाला म्हणे आतली खोली होती. आणि आतल्या खोलीत कपाट!

हवालदारांना सांगावं असं मनात आलं, की अहो, हे घर असं नाही. पण सांगून काय होणार होतं? ते म्हणाले असते, मग काय झालं, तुम्ही लिहिलंय तसं बोला. शिपायानं माझं नाव पुकारलं आणि मी उठलो. त्या क्षणापर्यंत, खरं सांगतो, मी लिहिलंय तसंच बोलणार होतो. दुकान चौकीच्या समोर होतं. माझ्या दुकानाची फळी रस्त्यावर दीड हात पुढं आलेली होती, तिच्यावरून कुणी कधी बोललं नव्हतं. दोन लेकरं शाळेत होती. आणि शेवटी कोण मी? मी काय जग सुधारायला निघालो होतो?

आत गेलो. ईश्वरसाक्ष खरं सांगेन असं म्हणायला लावलं, म्हटलं. अंकुश पलीकडं कठड्याला धरून उभा होता. फार वाळला होता. त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. ओळखीचं माणूस दिसल्यावर होतो तसा. त्याला वाटलं असणार, मी त्याच्या बाजूनं आलोय. माझी सही त्या कागदावर आहे हे त्याला कुठून माहीत असणार?

मी मान फिरवली तर दारात शेवंता. कडेवर ती पोरगी. तिचे केस आता चांगले दाट आले होते.

सरकारी वकिलांनी कागद माझ्यापुढं धरला. ही सही तुमची का? मी म्हटलं, होय. मग त्यांनी कागदाकडंच बघत, रोजच्या सवयीनं विचारलं, “त्या दिवशी सकाळी दहा ते अकरा या वेळात तुम्ही पोलिसांबरोबर आरोपीच्या घरी गेला होता आणि झडती तुमच्यासमोर झाली, बरोबर?”

एक ‘होय’ म्हणायचं होतं. वकिलांनी मान वर करून परत विचारलं.

“नाही साहेब,” मी म्हटलं. “मी गेलो नव्हतो. सही संध्याकाळी चौकीत केली.”

वकील चिडले नाहीत. असे फिरणारे पंच त्यांनी शेकड्यानं बघितले असतील. साक्षीदार फितूर झाला असं त्यांनी साहेबांना सांगितलं, उलट प्रश्न विचारायची परवानगी घेतली आणि माझ्याकडं वळले. तुमची आरोपीशी ओळख आहे? मी म्हटलं, आहे. मग त्यांचा आवाज चढला. “म्हणजे ओळखीच्या माणसाला वाचवायला तुम्ही कोर्टात खोटं बोलताय.”

हे मला झोंबलं. इतक्या वेळा खोट्यावर सही केली तेव्हा मला कुणी खोटा म्हटलं नव्हतं, आणि पहिल्यांदा खरं बोललो तर हे!

“ओळख आहे म्हणूनच सांगतोय,” मी म्हटलं. आवाज जरा मोठाच निघाला असणार, कारण लिहून घेणारे कारकूनसुद्धा थांबले. “मी त्याच्या घरी गेलेलोय. त्याच्या पोरीचं जावळ मी काढलंय. त्या घराला आतली खोली नाही साहेब. बाहेरचीसुद्धा नाही. दार नाही, कपाट नाही. पोत्यांचं पाल आहे ते. यात लिहिलेलं घर त्याचं नाही.”

“मग कुणाचं आहे?” हे न्यायाधीशसाहेबांनी विचारलं.

“कुणाचंच नाही साहेब. मागच्या दोन साक्षींत पण हेच घर होतं.”

अंकुशची वकील एक तरुण बाई होती, सरकारनं गरिबांसाठी दिलेली. तिच्या हातात प्रश्नांचा लिहिलेला कागद होता. तो तिनं घडी घालून ठेवला आणि म्हणाली, मला काही विचारायचं नाही.

साहेबांना मात्र विचारायचं होतं. त्यांनी चष्मा काढला. “तुम्ही न वाचता सही केली?”

“होय.”

“अशा किती केल्यात आजवर?”

मी कधी मोजल्या नव्हत्या. तिथं उभ्या उभ्या मोजल्या, बोटांवर, सगळ्यांच्या देखत. सायकली, दारूची कॅन, मोटारीची तार, कोंबड्या. मोजत होतो आणि कुणी मला अडवत नव्हतं.

“ही धरून चौदा,” मी म्हटलं.

साहेब मला खूप बोलले. ते इथं सांगत नाही, आणि एकही शब्द जास्तीचा नव्हता. तुमच्यावर कारवाई होऊ शकते हेही म्हणाले. मागच्या दोन खटल्यांच्या तारखा त्यांनी लिहून घेतल्या. मी नुसता होय होय करत राहिलो. बाहेर आलो आणि, कसं सांगू, छातीवरचं काहीतरी उतरलं होतं. भीती वाटत होती आणि हलकंही वाटत होतं. दोन्ही एकदम वाटू शकतं हे मला तेव्हा कळलं.

शिरतोडे हवालदार व्हरांड्यात होते. शिव्या देतील वाटलं. ते एवढंच म्हणाले, “आधी सांगायचं होतं, भानुदासराव. मी दुसरा माणूस बघितला असता.” आणि मोटारसायकल काढून निघून गेले. मला चालत यावं लागलं.

घरी आल्यावर मंदाला सगळं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही, त्या तेरा सह्यासुद्धा. आता ती मला सोलणार, अशी माझी तयारी होती. तिनं ऐकून घेतलं, पाणी दिलं, आणि विचारलं की त्या पोरीला दारात कितीसा वेळ उभं केलं होतं, तिनं काही खाल्लं होतं का. मला माहीत नव्हतं. मग म्हणाली, “उद्या दुकान उघडायचं. घाबरून बंद ठेवायचं नाही.” मी उघडलं.

चौकीतलं एकही माणूस फिरकलं नाही. आठवड्यात नगरपालिकेचा माणूस येऊन फळीवर बोट ठेवून गेला, मी फळी कापून घेतली. दुकानात माझं बोलणंही कमी झालं. एक म्हातारे गिऱ्हाईक म्हणाले, भानुदास, तब्येत बरी नाही का, दोन केशकर्तनं झाली आणि तू सरकार पाडलं नाहीस. मी हसलो. पण खरंच, कात्री हातात धरून न्यायावर बोलायला लाज वाटायला लागली होती. माझ्या नावाची नोटीस मात्र आली नाही. रोज टपाल आलं की हातातली कात्री ठेवून आधी ते बघायचो. त्यात नोटीस नाही असं दिसलं की परत कात्री उचलायचो.

त्या जुन्या दोन खटल्यांतल्या माणसांचं काय झालं? सायकलींच्या केसमधल्याची शिक्षा भोगून झाली होती, दुसऱ्याचा पत्ता लागला नाही. मी वकीलबाईंना भेटून, काय लिहून द्यायचं ते लिहून दिलं. त्याचा उपयोग झाला का ते मला आजवर कळलेलं नाही. हे मी लपवत नाही.

दीड महिन्यानं निकाल लागला. मी कोर्टात गेलो नव्हतो, जायची हिंमत नव्हती. वकीलबाईंच्या ऑफिसातला कारकून दाढीला आला आणि म्हणाला, तुमचा तो पाटेवाला सुटला, काल संध्याकाळी बाहेर आला. मी म्हटलं, बरं झालं. वस्तरा खाली ठेवला आणि मागं मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. रडू आलं होतं, कबूल करतो. इतकं सुटल्यासारखं मला माझ्या लग्नातसुद्धा वाटलं नव्हतं. मंदाला फोन केला, तर ती म्हणाली, आत्ता देवापुढं साखर ठेवते, आणि फोन ठेवून दिला.

पण तो भेटेल तेव्हा काय बोलायचं, हे काही मला सुचत नव्हतं. तेरा-चौदा महिने त्याचे गेले होते, आणि त्या कागदाखाली नाव माझं होतं. मी साक्ष दिली हे खरं, पण सहीसुद्धा मीच दिली होती. उपकार केला म्हणावं तर कुठल्या तोंडानं?

चौथ्या दिवशी दुपारी तो आला. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. दारात उभा राहिला, आत बघितलं आणि सरळ येऊन खुर्चीत बसला. माझ्याकडं तो कधी आला नव्हता, ही माणसं दाढी घरीच करायची. मी त्याच्या अंगावर कापड टाकलं.

“दाढी?” मी विचारलं.

“व्हय.”

साबण लावला. आरशात तो माझ्याकडं बघत होता, मी ब्रशकडं बघत होतो. शेवंता बरी आहे का विचारलं, बरी म्हणाला. पोरगी? तीबी बरी. एवढ्यावर बोलणं संपलं. पातं नवं घातलं. त्यानं मान मागं टाकली, डोळे मिटले आणि गळा वर केला.

मी वस्तरा लावला आणि हात थरथरायला लागला. वीस वर्षांच्या धंद्यात असं झालं नव्हतं. मी वस्तरा उचलला, पुसला, परत लावला. परत तेच.

“हात थरथरतोय तुमचा,” तो डोळे न उघडता म्हणाला.

“थरथरतोय.”

“सही करताना थरथरला व्हता का?”

“नाही,” मी म्हटलं. “तेव्हा नाही थरथरला.”

मला वाटलं, आता उठेल, साबणासकट निघून जाईल, आणि जावं त्यानं, त्याला हक्क आहे. समोर चौकीच्या पायरीवर कुणीतरी शिपाई उभा राहून आमच्याकडं बघत होता.

अंकुशनं गळा आणखी थोडा वर केला.

“करा,” म्हणाला. “सावकाश करा. मला आता घाई न्हाई.”

मी सावकाश केली. पाऊण तास लागला असेल. कुठं एक ओरखडासुद्धा उठला नाही.